विमान साडेचारला उतरणार, मग बेटावर कधी पोचणार?

पत्र : येत्या जूनमध्ये आमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत. मुलानं मालदीवचं पॅकेज बघितलंय : सीप्लेननं जायचं बेट, पाण्यावरची खोली (वॉटर व्हिला), पाच रात्री, हाफ बोर्ड. मुंबईचं विमान मालेला दुपारी साडेचारला उतरतं. आम्ही दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मिस्टरांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, शिवाय मणक्याची गादी सरकल्याचा जुना त्रास. पोहायला दोघांनाही येत नाही. एजंट म्हणतो, आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर भाव वाढेल. भरावेत का? की गेस्ट हाऊसमध्ये राहिलेलं बरं?
– एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर :

ताई, तीस वर्षांबद्दल दोघांचं मनापासून अभिनंदन. मालदीवला जरूर जा, पण या पॅकेजचे पैसे भरू नका. तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत आणि त्यातली एकही बेटावर पोचल्यावर दुरुस्त करता येणार नाही. तिथं एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. अख्ख्या बेटाला पायी फेरी मारायला बऱ्याच ठिकाणी अर्धा तासही लागत नाही. बाहेर मेडिकलचं दुकान नाही, दुसरं हॉटेल नाही, कोपऱ्यावर चहाची गाडी नाही. जे काही ठरवायचं, ते सोलापुरात बसूनच ठरवायला हवं.

पहिला घोळ विमानाच्या वेळेचा. सीप्लेन रात्री उडत नाही, कारण पाण्यावर उतरताना वैमानिकाला लाटा आणि होड्या डोळ्यांनी दिसाव्या लागतात. शेवटची उड्डाणं सूर्यास्ताआधी बेटावर पोचतील अशा बेतानं सुटतात. त्यामुळे बहुतेक रिसॉर्ट दुपारी साडेतीनच्या सुमारापर्यंत मालेत उतरणाऱ्यांनाच त्या दिवशी नेतात. तुम्ही साडेचारला उतरणार, मग इमिग्रेशन, मग सामान, तोवर साडेपाच. म्हणजे पहिली रात्र विमानतळाशेजारच्या हुलहुमालेत, स्वतःच्या खर्चानं. इकडे रिसॉर्टच्या पाच रात्रींचे पैसे आधीच गेलेले, राहायला मिळणार चारच. परतीलाही असंच. मालेहून सकाळी लवकरचं विमान असेल, तर आदल्या दिवशीच बेट सोडावं लागतं.

सीप्लेनच्या इतर अटीही माहीत असू द्या. माणशी साधारण २० किलोची बॅग आणि ५ किलोचं हातातलं सामान, त्यावर दर किलोला जादा पैसे. साधारण पंधरा प्रवाशांचं छोटं विमान, आवाज बराच. वजन जास्त झालं तर एखादी बॅग पुढच्या फेरीनं येते, म्हणून औषधं कधीही मोठ्या बॅगेत टाकू नयेत. जाऊन-येऊन भाडं बऱ्याच ठिकाणी माणशी ४०० ते ६०० डॉलरच्या घरात जातं. वरून दिसणारी प्रवाळांची वर्तुळं फार सुंदर असतात, यात शंका नाही. पण दोघांच्या भाड्याचा विचार केला, तर जवळच्या बेटावर त्या पैशांत एखाद-दोन रात्री जास्त राहता येईल. तुम्हाला तेच जास्त सुखाचं होईल.

म्हणून बेट निवडताना खोलीचा फोटो नंतर बघा. आधी विचारा, ‘विमानतळावरून स्पीडबोटीनं किती मिनिटं?’ उत्तर माले अटॉल आणि दक्षिण माले अटॉल या दोन प्रवाळ-वलयांमध्ये पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या अंतरावर भरपूर रिसॉर्ट आहेत. बोट आगमन कक्षासमोरच्या धक्क्यावरूनच सुटते आणि बरीच रिसॉर्ट ती रात्रीही चालवतात. मिस्टरांच्या कमरेसाठी तीस मिनिटांच्या आतलंच बेट घ्या. वेगातल्या बोटीचं नाक लाटेवर उचललं जातं आणि आपटतं. त्याचा दणका पुढे बसलेल्याच्या कण्याला सगळ्यात जास्त बसतो. मागे इंजिनजवळच्या बाकावर तो बराच कमी लागतो. बोटीवरच्या मुलांना ‘बॅक प्रॉब्लेम’ एवढं सांगितलं तरी ते मागची जागा देतात. कमरेचा पट्टा घरूनच बांधून निघा. बोट लागत असेल तर मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. ती मिस्टरांच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. देशांतर्गत विमान आणि पुढे बोट, असा तिसराही मार्ग असतो. दोनदा चढउतार असल्यानं तो तुमच्यासाठी नको.

आता महिना. आपल्याकडे येतो तोच नैर्ऋत्य मोसमी वारा तिथं मे महिन्यापासूनच वाहू लागतो. जूनमध्ये दिवसभर पाऊसच पडतो असं नाही, पण वारा असतो, समुद्र खवळलेला असतो, बोट जास्त आपटते, आणि ढवळलेल्या पाण्यात मासे नीट दिसत नाहीत. दर उतरतात ते यामुळेच. पावसानं सहल बुडाली म्हणून पैसे परत मिळत नाहीत. कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. त्यातही डिसेंबरअखेर टाळा : दर चढे असतातच, वर नाताळच्या आणि ३१ तारखेच्या सक्तीच्या जेवणाचा जादा आकार लागतो. तुमच्यासाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आवरलेली असते, सोलापूरचा उन्हाळा अजून तापायचा असतो आणि तिथला समुद्र शांत असतो. जूनमधला लग्नाचा वाढदिवस घरी साजरा करा आणि सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये करा.

वाऱ्याची दिशा बदलली की या छोट्या बेटांची वाळूही जागा बदलते. एका मोसमात जिथं रुंद किनारा असतो, तिथं दुसऱ्या मोसमात पाणी खोलीच्या पायरीशी आलेलं असतं. म्हणून रिसॉर्टला मेल करा : ‘मागच्या फेब्रुवारीतला, आम्हाला देणार त्या खोल्यांसमोरचा फोटो पाठवा.’ बहुतेक जण पाठवतात.

पाण्यावरच्या खोलीचा मोह समजतो. पण त्या खोल्या लांब लाकडी पुलाच्या टोकाला असतात, जेवायला प्रत्येक वेळी तेवढं चालायचं किंवा बॅटरीच्या गाडीची वाट बघायची. खोलीतून समुद्रात उतरायला उभी, ओली, शेवाळलेली शिडी असते आणि खाली पाणी किती खोल आहे हे भरती-ओहोटीवर ठरतं. पोहता न येणाऱ्या माणसाला त्या शिडीचा उपयोग नाही आणि कमरेला ती चांगली नाही. किनाऱ्यावरची खोली घ्या. दार उघडलं की वाळू, वीस पावलांवर गुडघाभर पाणी. ती स्वस्तही असते. काही जण दोन रात्री इथं, दोन तिथं अशी विभागणी करतात. पण जुनी खोली बाराच्या आत सोडायची आणि नवी दोन-तीनला मिळणार, यात अर्धा दिवस सामानाजवळ बसून जातो. पाचाऐवजी चार रात्री राहा, त्या पुरतात.

गेस्ट हाऊसचं विचारलंत. माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटांवर ती आहेत आणि खर्च खूपच कमी येतो. पण तिथं गावातले नियम पाळावे लागतात : पोहण्याचे कपडे फक्त पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर, शुक्रवारी सरकारी फेरी बहुधा बंद, रमजानात दिवसा खानावळी बंद. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारखा बघून घ्या. तरुण मुलांना हा पर्याय उत्तम आहे. तीस वर्षांनी दोघंच निघालाय, पथ्यपाणी सांभाळायचंय, तर रिसॉर्टच घ्या आणि पैसे वाचवायचे ते रात्री कमी करून वाचवा.

पैशांचा भाग सावकाश वाचा. रिसॉर्टच्या दरापुढे दोन अधिकचिन्हं असतील, तर त्यावर १० टक्के सेवा आकार आणि १७ टक्के पर्यटन कर लागणार असं समजा. हा कर सेवा आकार धरून झालेल्या रकमेवर बसतो. ३०० डॉलरची खोली आधी ३३० होते, त्यावर ५६.१० डॉलर कर, म्हणजे ३८६.१०. शिवाय ग्रीन टॅक्स माणशी दररोज १२ डॉलर. दोघांचे चार रात्रींचे ९६. बेटावर मागवलेला चहा, पाण्याची बाटली, मसाज, बोटीची सहल, सगळ्यांवर तोच सेवा आकार आणि तोच कर. एजंटाला लेखी विचारा : या आकड्यात सेवा आकार, पर्यटन कर, ग्रीन टॅक्स आणि बोटीचं जाण्या-येण्याचं भाडं धरलंय का? तिथं गेल्यावर काउंटरवर किती डॉलर द्यावे लागतील? ‘सगळं इन्क्लुडेड आहे’ हे फोनवरचं उत्तर घेऊ नका. पैसे भरण्याआधी रिसॉर्टचा बुकिंग क्रमांक मागून घ्या आणि थेट रिसॉर्टला मेल करून तो खरा असल्याची खात्री करा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतला जातो. तो पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. पैसे मुलगा भरणार असेल, तर पावती त्याच्याच पॅनवर हवी.

हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं जेवण वेगळं आणि महाग, आणि बऱ्याच रिसॉर्टमध्ये या योजनेत जेवणासोबतच्या पाण्याचेही पैसे लागतात. शुगरच्या माणसाची दुपार चुकवून चालत नाही. दारू घेत नसाल तर ऑल इन्क्लुझिव्हचे (दारूसकट सगळं धरलेल्या योजनेचे) जादा पैसे वाया जातील. तुम्हाला फुल बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण हवं, आणि त्यात पाणी, चहा, कॉफी धरली आहे का एवढं विचारून घ्या.

शाकाहाराचं नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मालदीवच्या स्वयंपाकात ट्यूना मासा सगळीकडे आहे. सांबलसारख्या चटणीत वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, सुपाच्या पाण्यात माशाचा अर्क असू शकतो. नाश्त्याला खोबऱ्याच्या किसासारखं जे पांढरं दिसतं ते मस हुनी, त्यातही ट्यूना. जाण्याच्या आठवडाभर आधी मेल करा : मासे, मांस, अंडं नाही, माशाचा अर्क, वाळवलेला मासा, ऑयस्टर सॉस नाही, एकाला मधुमेह. बऱ्याच रिसॉर्टमध्ये भारतीय स्वयंपाकी असतात. आधी कळलं तर ते पोळी-वरणाची सोय आनंदानं करतात, ऐन जेवणाच्या गर्दीत सांगितलं तर जमत नाही. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. दमट हवेत भाकरी दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून एका वेळची एक अशा बंद पिशव्या करा.

मधुमेहाचं अजून एक, फार महत्त्वाचं. पायांना बधिरपणा असेल तर दुपारच्या वाळूवर अनवाणी चालताना चटका बसलेला कळत नाही, संध्याकाळी थेट फोडच दिसतो. प्रवाळानं कापलेलं लवकर भरत नाही. मिस्टरांनी वाळूत आणि पाण्यातही रबरी तळाचे बूट घालूनच वावरावं आणि रात्री तळवे उजेडात नीट बघावेत. पाण्यात खेळण्याआधी काहीतरी खाल्लेलं असावं, किनाऱ्यावर ग्लुकोज हाताशी असावं. काही गोळ्यांवर व्यायामानंतर साखर एकदम उतरते. औषधं मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची न्या, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध तिथं कडक नियमात येतं, त्यामुळे शक्य तर नेऊच नका. डॉक्टरांनी दिलीच असतील तर चिठ्ठीशिवाय नेऊ नका. प्रवास विमा घेताना बेटावरून मालेच्या इस्पितळात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते बघा.

पोहता येत नसलं तरी मासे बघता येतात. त्यासाठी ‘उथळ लगून (प्रवाळाच्या कडेआतलं शांत पाणी) आणि किनाऱ्यापासून जवळ प्रवाळ’ असं बेट मागा. नुसती उथळ वाळू असेल तर मासे बघायला रोज पैसे भरून बोटीनं जावं लागतं. सराव सोलापुरातच करा : जलतरण तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, मास्क आणि नळी लावून, तोंड पाण्यात घालून फक्त तोंडानं श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी घाबरायला होतं, तीन-चार दिवसांत श्वास संथ होतो. मास्कचं माप असं बघतात : पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलकेच श्वास आत ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा घ्या. मिस्टरांना मिश्या असतील तर रबराची कड तिथंच सुटते आणि पाणी शिरतं, नाकाखाली मिशीवर व्हॅसलिनचा पातळ थर लावला की थांबतं. तुमच्या बाबतीत कपाळावरची बट कडेत अडकली तरी तेच होतं. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क नको. पाणी शिरल्यावर नवख्याला तो झटकन काढता येत नाही.

लाइफ जॅकेट दोघांनाही, प्रत्येक वेळी, खालचे पट्टे बांधूनच. पाणी फिकट हिरव्याचं एकदम गडद निळं झालं की प्रवाळाची कडा संपली. त्यापुढे खोली आणि ओढ दोन्ही असतात, तिथून परत फिरा. साडी किंवा ओढणी घालून पाण्यात उतरू नका. ओली झाली की ती पायांना गुंडाळते, आणि गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा, सुती नसलेला टी-शर्ट उत्तम, कारण सुती कपडा ओला झाल्यावर जड होतो.

उन्हाला आपण सोलापूरकर घाबरत नाही, आणि तिथं नेमकं तेच महागात पडतं. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीसला उन्हाचे चटके बसतात म्हणून आपण सावलीत पळतो. तिथं पारा तिशीच्या आसपास, वर गार वारा, त्यामुळे काही जाणवत नाही. पण विषुववृत्ताजवळचं ऊन डोक्यावर असतं. पालथं तरंगत मासे बघताना पाठ, मान आणि गुडघ्यामागची कातडी भाजून निघते. सकाळी दहाच्या आत आणि चारनंतरच पाण्यात उतरा. सनस्क्रीन ऑक्सिबेन्झोन नसलेलं घ्या, हे रसायन प्रवाळाला मारक ठरतं.

कागदपत्रांचं सोपं आहे. भारतीयांना पर्यटक व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, पैसे पडत नाहीत. परतीचं तिकीट आणि बुकिंग दाखवावं लागतं. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असू द्या. नसेल तर सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात आत्ताच अर्ज करा, आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टसारखं घाला. ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म उड्डाणाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा असतो, जातानाही आणि येतानाही. तो मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. पूजेची मूर्ती सामानात ठेवू नका, आयातीला मनाई आहे. दारू आणि ई-सिगारेटलाही मनाई. प्रवाळाचे तुकडे आणि शिंपले उचलून आणू नका. रुपये चालत नाहीत. एक, पाच आणि दहा डॉलरच्या थोड्या नोटा आणि एक कार्ड पुरे. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

घड्याळाकडे मात्र नीट लक्ष द्या. माले भारताच्या अर्धा तास मागे. पण बरीच रिसॉर्ट उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे आपल्या अर्धा तास पुढे. विमानाची वेळ मालेची, बोटीची वेळ बेटाची. पोचल्याबरोबर काउंटरवर विचारा आणि परतीच्या बोटीची वेळ दोन्ही घड्याळांत लिहून घ्या.

सोलापूरहून निघताना विमानाच्या दिवशी सकाळी मुंबईत पोचणाऱ्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी हजर राहायचं असतं, आणि सकाळच्या गर्दीत सीएसएमटी किंवा दादरहून टर्मिनल दोन गाठणं बेभरवशाचं. आदल्या दिवशी सकाळच्या वंदे भारतनं दुपारी मुंबईला पोचा, अंधेरीकडे मुक्काम करा, आणि मालेला दुपारी दोनच्या आत उतरणारं थेट विमान घ्या. ते तीन तासांच्या आसपास घेतं. परत येताना आदल्या रात्रीच बिल मागून प्रत्येक ओळ तपासा. फुल बोर्डमधलं जेवण चुकून वेगळं लागलेलं असेल, तर तेव्हाच काढून घेता येतं, सकाळी बोट सुटताना नाही. विमान संध्याकाळी मुंबईत उतरणार असेल तर त्याच रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका, विमान दोन तास लांबलं तरी गाडी जाते. दुसऱ्या दिवशी दुपारची वंदे भारत घ्या. ती आठवड्यातून एक दिवस नसते, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी तिचा वार बघा.